मोठीची तपासणी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं-बटणांच्या मशीनवर होती. सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला.

"हेपॅटायटिस सी. यकृताचा विषाणू आहे. कधी रक्त चढवलं होतं का?"

चढवलं होतं. नऊ वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली होती, तेव्हा दोन बाटल्या.

"म्हणजे वीसेक वर्षं तो तुमच्या रक्तात मुकाट बसलाय."

"आणि बाळाला?"

"शंभरातल्या पाच-सहा बाळांना आईकडून जातो. गरोदरपणात याच्या गोळ्या देत नाही आपण. बाळ दीड वर्षाचं झालं की तपासू. त्याआधी विषाणूशी लढल्याच्या आईच्याच खुणा त्याच्या रक्तात दिसतात, उगाच जीव टांगणीला लागतो. जवळ घेतल्याने, एका ताटात जेवल्याने हे पसरत नाही. अंगावर खुशाल पाजा, फक्त चीर पडून रक्त आलं तर तेवढे दिवस थांबा." ती उठली, तशा बाई म्हणाल्या, "आणि मोठीलाही घेऊन या. तिच्या वेळी ही तपासणी झालेलीच नाही."

मोठी सहा वर्षांची. नाक चिमुकलं आणि गोल, म्हणून घरात तिचं नाव बटण.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, हिशेबी माणूस. "अगं, चौऱ्याण्णव-पंच्याण्णव आपल्या बाजूने आहेत," तो म्हणाला.

"आणि ते पाच कुणाच्या घरी जन्मतात?"

बटणच्या तपासणीचं तिने त्याला सांगितलंच नाही. एका वेळी एकच भीती पेलवत होती. आणि पोरगी तर ठणठणीत होती. दिवसभर उड्या, तोंडाची टकळी चालूच.

बाळ झालं, मुलगी. सासूबाईंनी सुनेची ताट-वाटी वेगळी काढली. "म्हणू दे त्या डॉक्टरणीला काहीही," असं म्हणून बटणला मात्र रोज आपल्या ताटात जेवायला बसवलं. "हिला तरी सांभाळू दे मला," त्या म्हणायच्या.

दीड वर्ष ती बाळाला खिडकीशी नेऊन त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा पडलाय का ते बघत राहिली. बाळ जरा किरकिरलं की सगळं घर श्वास रोखायचं. बटण आपली आपण शाळेत जायची, आपली आपण वेणी घालायची. "मी दमले," असं अधूनमधून म्हणायची. दमायला काय झालं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

बाळाचा रिपोर्ट आला. काही नव्हतं. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. सासूबाईंनी वेगळं ताट न बोलता पुन्हा मांडणीत सरकवलं. तिला मात्र हसू फुटेना.

"मोठीचं राहिलंय," ती म्हणाली.

"तिला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने मात्र तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "डॉक्टरांनी हे कधी सांगितलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

तो उठून बटणच्या चपला शोधायला लागला. त्याने ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं.

दवाखान्यात बटणने हात पुढे केला, सुईकडे टक लावून बघितलं, रडली नाही. पुढच्या आठवड्यात फोन आला. "मोठीच्या रक्तात विषाणू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृत अजून चांगलं आहे. गोळ्यांनी हे जातं. बाळाचं अंगावरचं सुटलं की तुम्हीही घ्या, दोघींचं एकदमच सुरू करू."

बारा आठवड्यांच्या गोळ्या. पहिल्या सकाळी मायलेकी समोरासमोर बसल्या, मध्ये पाण्याचे दोन पेले. आठ वर्षांच्या पोरीपासून काही लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"हे मला कुणाकडून आलं?" बटणने विचारलं.

"माझ्याकडून. तू पोटात होतीस तेव्हा. मला माहीत नव्हतं."

पोरीने गोळी तळहातावर फिरवली. "मग बाळाला का नाही दिलंस?"

"ते आपल्या हातात नसतं गं."

"आणि मला आधी का नाही आणलंस?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण तिने पाण्याचा पेला पोरीपुढे सरकवला. बटणने गोळी गिळली आणि दप्तर घ्यायला आत गेली.

सहा महिन्यांनी दोघींचं रक्त स्वच्छ निघालं. बटणने मात्र तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, आणि त्याचंच तिला भय वाटत राहिलं.