चौदा नंबरचे पॉइंट्स

एल्मग्रोव्ह युनिव्हर्सिटीत दर ऑक्टोबरात थोर खेळाडू निवडायची टूम आहे. युनिव्हर्सिटी केवढी, तर आयोवातल्या मक्याच्या शेतात कुणीतरी विसरून गेल्यासारख्या चार विटकरी इमारती. थोर खेळाडू मात्र दरसाल पाच. त्यांच्या पाट्यांची जुनी भिंत भरली म्हणून मागच्या वर्षी नवी बांधली. फुटबॉलवाले संपले तेव्हा गोल्फवाले घेतले, गोल्फवाले संपले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की इथे पूर्वी मुलीही खेळायच्या.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेली शहात्तर वर्षांची मार्लिस टोरगरसन नऊ नंबरच्या टेबलाशी बसून ताटातल्या हिरव्या जेलीकडे पाहत होती आणि मनातल्या मनात या सगळ्यांचा उद्धार करत होती. आज सत्कार होता तिची जुनी मैत्रीण कोरीन हॉगलंड हिचा. 'कारकीर्दीत एक हजार एकशे बारा पॉइंट्स,' असं पत्रिकेत छापलं होतं. सत्कारमूर्तीची ओळख जुन्या सोबत्यानं करून द्यायची असा इथला रिवाज. आणि एकोणसत्तरच्या त्या बास्केटबॉल संघातल्या आता दोघीच उरल्या होत्या.

ते पॉइंट्स मार्लिसचे होते. एकूण एक.

चौदा नंबरचा शर्ट तीन वर्षं तिच्या अंगावर होता. शेवटच्या वर्षी मार्चमध्ये तिनं लग्न केलं. लग्न झालेल्या मुलीला संघात ठेवायचं नाही, असा तेव्हाचा नियम. तिला घरी बसवलं, आणि एप्रिलमध्ये संघाचा फोटो काढला तेव्हा तिचा शर्ट कोरीनला दिला, कारण कोरीनचा धुवायला गेला होता. स्कोअरच्या वहीत नावं नव्हती, नुसते नंबर. क्रीडा विभागाचा प्रमुख ट्रेंट, वय वर्षं चौतीस, यानं वही आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि इतिहास लिहून मोकळा झाला.

त्या शहाण्याला एवढंही ठाऊक नव्हतं की कोरीन गार्ड होती. त्या काळी इथल्या मुली सहा-सहा जणी खेळायच्या. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेघ कुणीच ओलांडायची नाही. गार्डनं फक्त अडवायचं. बास्केट करायची ती फॉरवर्डनं.

"गार्डचे हजार पॉइंट्स?" शेजारी बसलेली डेलोरेस पत्रिका वाचत म्हणाली. ती पलीकडच्या गावच्या कॉलेजकडून गार्ड खेळलेली. नवरा इथल्या भिंतीवर आहे म्हणून दरवर्षी फुकटचा केक खायला येते. "रेघेखालून बोगदा खणला होता की काय हिनं?"

"हळू बोल गं."

"मग तू सांगणार ना आज सरळ?"

"स्वतःच्या तोंडानं? या गावात?"

कुणी केकची तारीफ केली तर 'जरा करपलाच' म्हणायचं, अशी इथली रीत. स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याचं नाव लोक चर्चमध्येसुद्धा टाकतात. म्हणून मार्लिसला हवं होतं ते एवढंच, की कोरीननं ते माइकवरून सांगावं. निवडीचं पत्र आल्यापासून दोन महिने कोरीन मिठाची गुळणी धरून बसली होती. फोनवर फक्त म्हणाली, "तू माझी ओळख करून देशील ना गं?" मार्लिस म्हणाली, "देते की."

आणि तिनं दिली. "कोरीनसारखी गार्ड आयोवानं पाहिली नाही," ती म्हणाली. "चार वर्षांत तिनं एकदाही मधली रेघ ओलांडली नाही. तेव्हा अकराशे बारा पॉइंट्स कसे केले, ते आता तिच्याच तोंडून ऐकू या."

नऊ नंबरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या फसकन हसल्या. बाकीचा हॉल, हसायचं असतं म्हणून हसला. ट्रेंटनं पितळी पाटीवरचं कापड ओढलं. पाटीवर मॅचच्या कुठल्याशा जुन्या फोटोवरून कोरलेली, उडी मारून चेंडू टाकणारी मुलगी होती, शर्टावर चौदा, नाक थेट मार्लिसचं बाकदार. खाली नाव, कोरीन हॉगलंड.

कोरीन पाटीकडे बघतच राहिली. मग माइकशी गेली.

"ही मी नाही," ती म्हणाली. "ही मार्लिस आहे. मी जन्मात एक बास्केट केलेली नाही. दोन महिने गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. हे सगळं तिचं आहे."

मग अख्खा हॉल उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"याला म्हणतात विनम्रता," ट्रेंट डोळे पुसत म्हणाला.

"अहो, विनम्रता कसली? मी खरं सांगतेय."

टाळ्या आणखी वाढल्या. मार्लिसच्या मस्तकात तिडीक गेली. मूर्खांना खरं सांगायची पण सोय नाही.

"ती खरंच बोलतेय," ती उभी राहून म्हणाली. "ते पॉइंट्स माझे आहेत."

टाळ्या थांबल्या. प्रार्थना चालू असताना कुणी ढेकर द्यावा, तशी माणसं तिच्याकडे बघू लागली.

"मिसेस टोरगरसन," ट्रेंट अगदी मऊ आवाजात म्हणाला, "यश शेवटी सगळ्या संघाचंच असतं, नाही का?"

मार्लिस खाली बसली. डोळे भरून आले, आणि ते या लोकांपुढे भरले याचा तिला जास्त राग आला.

तेवढ्यात डेलोरेस काठी टेकत उठली. "मला माझ्या फजितीची गोष्ट सांगायचीय."

हॉल सैलावला. स्वतःची फजिती इथे कुणीही, कितीही वेळ सांगावी.

"अडुसष्टच्या डिसेंबरात हिला अडवायचं काम माझ्याकडे होतं. ही फॉरवर्ड, मी गार्ड. एका मॅचमध्ये हिनं माझ्या डोक्यावरून चव्वेचाळीस पॉइंट्स केले. माझी सख्खी आई उठून गाडीत जाऊन बसली. ते नाक मी विसरेन होय? ते पितळेतलं बघा, आणि हे बघा."

माणसांनी पाटीकडे पाहिलं, मग मार्लिसकडे, मग ताटात. ट्रेंटनं हातातले कागद खालीवर केले. "आपण... एक समिती नेमू या," तो म्हणाला.

"नेम बाबा," डेलोरेस म्हणाली.

कोरीननं पाटी उचलून आणली आणि मार्लिसपुढे जेलीशेजारी ठेवली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. पाटीवरच्या त्या मुलीच्या चेहऱ्यावरून मार्लिसनं अंगठा फिरवला.

"चव्वेचाळीस," डेलोरेस खाली बसत पुटपुटली. "अजून झोपेत आठवतात."

मार्लिसनं नॅपकिननं नाक पुसलं.

"सेहेचाळीस होते," ती म्हणाली, आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.