सर्वानुमते

विमलनं अडकित्त्यात सुपारी धरली, कचकन फोडली आणि खांडं पितळेच्या ताटलीत टाकली. चिंचेखाली जितकी माणसं बसली होती तितकीच खांडं तिनं ठेवली, स्वतःला सोडून. बैठक चालवणाऱ्याला सुपारी नसे.

ही रीत छावणीनं स्वतःच पाडली होती. पैनगंगेच्या या काठाला हिंदुस्थान आणि त्या काठाला निजामाचं राज्य. निजामाशी लढायला म्हणून घरदार सोडून या काठाला आलेली माणसं सुरुवातीला एकमेकांशीच जास्त लढत. हात वर करून मतं मोजली की हरलेला रुसून बसे, आणि रुसलेल्या माणसाबरोबर नदी उतरून जायचं म्हणजे जिवाशी खेळ. मग वर्ध्याकडून श्रीपादराव नावाचे एक शिक्षक येऊन राहिले आणि त्यांनी बैठक कशी चालवायची ते शिकवलं. मोजणी करायची नाही. एकाचंही मन खात असेल तर गोष्ट ठरली असं म्हणायचं नाही. प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं. आणि बैठक चालवणाऱ्यानं आपलं मत वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. विमल नांदेडला मुलींच्या शाळेत शिकवायची. तिनं हे सगळ्यांच्या आधी उचललं.

लोह्याकडच्या शेतकऱ्यांना मात्र चारचौघांत उभं राहून ‘मला मान्य आहे’ म्हणायचं म्हणजे लाजल्यासारखं होई. श्रीपादराव गेल्यावर देवणीच्या माणिकप्पानं तोड काढली. सोयरिकीत सुपारी फुटली की ठरलं, तसंच इथं करू. पटलं त्यानं खांड तोंडात टाकायचं, नाही पटलं त्यानं ताटलीतच राहू द्यायचं. एक जरी खांड उरलं तरी गोष्ट तिथंच थांबायची. सगळ्यांना हे फार आवडलं. सोयरिकीत सुपारी फिरायला लागली की पुढं कुणी तोंड उघडत नाही, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आज बैठकीआधी वसंतराव वकिलांनी विमलला बाजूला घेतलं होतं.

“विमलताई, आज तुमच्या जागी मी बसतो. तुम्ही इतरांमध्ये बसा. बोला.”

“नको. मीच बसते.”

वसंतरावांनी आग्रह केला नाही. पलीकडच्या करोडगिरी नाक्यावर, निजामाच्या जकातचौकीत, तिचा धाकटा भाऊ उद्धव कोठडीत होता आणि त्याच नाक्यावर हल्ला कधी करायचा हे आज ठरायचं होतं. विमलनं रात्रभर विचार केला होता. थांबा म्हणून आपण पदर पसरला तर नाही म्हणायची कुणाची हिंमत होईल? मग नाक्यापायी पलीकडच्या जंगलात अडकलेली पोरंबाळं आपल्या एकटीच्या शब्दावर मरतील. त्यापेक्षा गप्प राहावं. कुणीतरी आपणहून थांबा म्हणेलच. एवढी माणसं आहेत, एक तरी म्हणेल. आणि खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानही होता. छावणीत तिच्याइतकी सरळ बैठक कुणालाच चालवता येत नव्हती.

वसंतरावांनी गोष्ट मांडली. रझाकारांच्या भयानं गाव सोडून आलेली कुटुंबं पलीकडच्या जंगलात लपली होती. पाणवठे आटले होते, लेकरं जुलाबानं हैराण होती. नाका उठवल्याशिवाय त्यांना नदी उतरता येणार नव्हती.

“अन् कोठडीतल्या पोराचं काय?” सटवाजीनं विचारलं.

वसंतरावांनी मान खाली घातली. “गोळी सुटली की शिपाई आधी कोठडीकडे वळतील. खोटं कशाला बोलू?”

“गवतवाल्याची खबर हाय,” माणिकप्पा हळूच म्हणाला. “येत्या बाजाराच्या दिशी उद्धवला नांदेडच्या तुरुंगात नेनार हायेत.”

माणसं विमलकडं बघू लागली. तिनं ताटलीतली खांडं सारखी केली.

“म्हणजे उद्या पहाटे जाता येईल, किंवा बाजारापर्यंत थांबता येईल,” ती म्हणाली. छावणीतलं पीठ किती उरलंय हे विचारताना लागे तोच तिचा आवाज होता. “दोन्ही गोष्टी समोर आहेत. कुणाला काही बोलायचंय?”

सटवाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. विमल थांबली. घाई करायची नाही, हे तिला पाठ होतं. मग पहाटे जायचं, या गोष्टीवर तिनं ताटली फिरवली.

वसंतरावांनी खांड उचललं. माणिकप्पानं तिच्याकडं बघितलं आणि उचललं. सटवाजीनंही तिच्याकडं बघूनच उचललं. ही माणसं आपली कीव करताहेत असं वाटून तिनं चेहरा आणखी घट्ट केला. ताटली शेवटी साखराबाईपुढं आली. लोह्याची ही म्हातारी छावणीच्या भाकरी थापायची आणि उद्धवला हट्टानं एक जास्त वाढायची. तिचा हात ताटलीवर नुसताच थांबला. राहू दे मावशी, विमल मनातल्या मनात ओरडत होती, राहू दे ते खांड. साखराबाईनं वर बघितलं, विमलच्या तोंडावरून नजर फिरवली आणि खांड उचललं.

“ठरलं,” विमल म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिला तेवढ्यातही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाका जळाला. दुपारपर्यंत जंगलातली सगळी कुटुंबं पाण्यातून चालत या काठाला आली. त्यांच्या मागून दाराच्या फळीवर घालून उद्धवला आणलं. छातीत गोळी होती. विमलनं त्याचे केस नीट केले. तिला रडू आलं ते चिता विझल्यावर, एकटी असताना.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. त्यानंतरच्या एका सकाळी साखराबाई नदीवर एका पोरीला न्हाऊ घालत होती. जंगलातून आलेल्यांपैकी होती पोर, आई तापानं पडलेली. विमल शेजारी धुणं धूत होती.

“बाई, एक इचारू?”

“विचारा की, मावशी.”

“त्या दिशी म्या तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. समदेच बघत व्हते. सटवाजीबी तेच म्हनतो. जिचा भाऊ हाय तीच येवढी शांत, तर आपुन कोन आडवं जानार? माज्या मनात लई व्हतं, बाजारापतुर थांबा म्हनावं. तुमी नुसती नाय म्हनून मान हालवली असती तरी म्या सुपारी घेतली नसती.”

विमलनं लुगडं पिळून दगडावर टाकलं.

“तुमच्या मनात काय व्हतं, बाई?”

इतक्या दिवसांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. उत्तर अगदी ओठावर आलं. पण साखराबाईचे शिकेकाईनं माखलेले हात पोरीच्या डोक्यावर तसेच राहिले होते, आणि ती श्वास धरून बघत होती. एक शब्द बोलायचा अवकाश, म्हातारी तो मरेपर्यंत उराशी घेऊन बसली असती. सटवाजीलाही सांगितला असता.

“मला पटलंच होतं, मावशी,” विमल म्हणाली. “तुम्हा सगळ्यांसारखंच.”

साखराबाईनं मोठा श्वास सोडला.

“मंग बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिनं तांब्या उचलला. विमल पुढं सरकली. पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं पोरीच्या कपाळावर हात आडवा धरला.