केरबाचा खर्ज

आश्विनाचं ऊन येरळेच्या काठावर उतरलं होतं. हळदओलं, झेंडूगंधी, केशरी. शाळूच्या कोवळ्या पात्यांवरून ते सरकत आलं, वायदंड्यांच्या पत्र्याच्या घराचा उंबरा ओलांडून तीन चकाकत्या तुकड्यांपाशी अडलं.

तीन माउथपीस. तीन इवले धातुचषक, तीन मुकी तोंडं. आणि त्यांच्यापुढं मांडी घालून बसलेला, पन्नाशी उलटलेला, भांबावलेला यशवंता वायदंडे.

मांडीवर त्याचा बाजा. बँडातला सगळ्यात थोरला, खर्जाचा. ट्रंपेट मिरवतं, क्लॅरिनेट लाडात येतं. खर्ज मात्र खाली राहतो, जमिनीसारखा. जमिनीकडं कोण बघतं? नवरदेव घोड्यावर, पाहुणे नाचात, आणि खर्ज वाजवणारा जेवायला मांडवामागं, खरकट्याच्या शेजारी. हे असंच आहे. गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

पण त्याच खर्जावर यशवंताचा जन्म पेलला होता. त्याच्या आधी बापाचा, केरबाचा. केरबा फुंकायचा तेव्हा मांडणीवरचा तांब्याचा हंडा आपसूक गुणगुणायचा. जणू घरच हुंकार भरायचं. यशवंताच्या फुंकरीला तो हंडा गेली चार वर्षं मुका होता.

उद्या खंडेनवमी. उद्या सगळी वाद्यं बँडच्या शिकलगार मास्तरांच्या अंगणात झेंडूखाली बसणार. पूजेच्या घटकेला बाज्यावर जो माउथपीस असेल, तोच पुढल्या खंडेनवमीपर्यंत. मध्ये बदल नाही. मास्तरांच्या आज्यापासूनचा हा रिवाज. आणि गेल्या हंगामात यशवंताचे ओठ फुटले होते, खर्ज थरथरला होता, भर चौकात वरातीचा ताल लंगडला होता. मास्तरांनी दोन नवे माउथपीस त्याच्या हातावर ठेवले.

"तोंड निवड, यशवंता. खर्ज लागला तर बाजा तुझा. नाय तर झांजा घे."

झांजा. केरबाच्या लेकाच्या हातात झांजा.

म्हणून तो सकाळपासून निवडत होता. पहिला चांदीच्या मुलाम्याचा. रुंद, खोल, डोहासारखा. त्यात श्वास बुडायचा आणि वर यायला वेळ लावायचा. दुसरा लहान, उथळ, सोपा. आवाज झटकन द्यायचा, पण शेळीचा. तिसरा केरबाचा. त्याची कड ओठांना आईच्या बोटासारखी ओळखीची. पण तो चावायचा. आंबट, हिरवट, कडवट चावायचा.

पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा, पहिला, दुसरा. ओठ सुजले, ओठ बधिरले. दुपार कलली तशी डोहातून शेळी ओरडू लागली आणि शेळीतून डोह घुमू लागला. चांदी कुठली, पितळ कुठलं, बाप कुठला, बाजार कुठला, त्याला काही उमजेना.

मागं त्याची बायको, फुला, झेंडूची माळ ओवत होती. शेवटी तिनं सुई खाली ठेवली.

"अवो, म्हस बी एवढा येळ लावत न्हाई व्यायला. डोळं मिटा. मी बसवते एकेक. तुमी निस्तं फुका."

त्यानं डोळे मिटले. पापण्यांआड केशरी अंधार.

पहिली फुंकर. घोगरी, रडवेली, वाटेतच बसली.

दुसरी फुंकर. पातळ, पळपुटी, उंबऱ्याबाहेर निघून गेली.

तिसरी फुंकर. आत आत गेली, खोल गेली, तळाला टेकली. आणि मांडणीवर काहीतरी जागं झालं. आधी कंप, मग गुंजन, मग हुंकार. तांब्याचा हंडा बोलला. चार वर्षांनी बोलला.

यशवंताच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आबाचाच. म्हनलं न्हवतं तुला?"

त्यानं डोळे उघडले. केरबाचा माउथपीस फुलाच्या ओटीत, झेंडूंच्या राशीत पडला होता. बाज्यावर चांदी होती. परकी, थंड, बाजारची चांदी.

बापाचा आवाज परक्या तोंडातून कसा आला? आणि बापाच्या तोंडाला आवाज का राहिला नाही? तो बघत राहिला. एकदा इकडं, एकदा तिकडं.

फुला हळूच म्हणाली, "ह्यो बी चांदीचाच हुता की. तुमी दरसाल पूजेला चिंच-राखेनं घासलासा. निस्तं पुसा म्हनलेवते मी. ऐकलं कोन?"

बावीस खंडेनवम्या. बावीस वेळा चिंच, बावीस वेळा राख, बावीस वेळा लखलखाट. चांदी गेली, कड झिजली, उघडं पितळ ओठांना डसू लागलं. दुसऱ्या कुणी नाही. त्यानंच, भक्तीनं, पुजून पुजून बाप झिजवला होता.

त्यानं केरबाचा माउथपीस उचलला. सवयीनं हात चिंचेच्या वाटीकडं गेला. वाटेत थांबला. मग सदऱ्याच्या टोकानं त्यानं तो नुसता पुसला, हलक्या हातानं, तान्ह्याचं तोंड पुसावं तसा, आणि वरच्या खिशात, छातीशी ठेवला.

चांदी त्यानं काढली नाही. कुणावर रागवावं, कुणाला नमस्कार करावा, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं बाजा उचलला आणि फुंकला.

खिशातलं पितळ थरथरलं. ओटीतला झेंडू थरथरला. हंडा घुमला, घर घुमलं. आणि आश्विनाचं ऊन येरळेच्या पाण्यात उतरत गेलं, खाली, आणखी खाली, पार खर्जापर्यंत.