संवादांखाली दबलेलं संगीत

मास्तरांसमोर त्या सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. सिनेमा पहिल्याच आठवड्यात आपटला आणि निर्मात्याने खापर फोडलं ते मास्तरांच्या पार्श्वसंगीतावर. त्यानंतर मास्तरांनी खोऱ्याने सिनेमे केले, नाव कमावलं, पण त्या एकाला कधी आपलं म्हटलं नाही. काकूंना हे सलत असे. नवऱ्याच्या हातून त्याहून सरस काही झालेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातलं व्हायोलिन तर काकूंनीच वाजवलं होतं. पण थिएटरात ते ऐकू येणार कसं? वरून नायकाची अखंड बडबड आणि पडद्यावरच्या गिरणीचा खडखडाट.

जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या मुलीचा फोन आला तो अशा घरात.

"काकू, त्या सिनेमाचा, दुसऱ्या भाषेतल्या डबिंगसाठी काढलेला नुसत्या संगीताचा ट्रॅक सापडलाय. सभागृहात ऐकवायचाय, पण सरांचा होकार हवा."

"विचारलंस तर नाहीच म्हणतील. आधी ऐकव."

जुन्या कामावर मत हवंय, एवढंच काकूंनी घरी सांगितलं. मत द्यायला मास्तर एका पायावर तयार.

स्टुडिओत ते एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसले. संगीत सुरू झालं.

"बरंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने ताठ बसले. "कोण हा? गप्प कधी बसायचं ते कळतं याला."

आवाजात चक्क मत्सर होता. काकूंनी ओठ दाबून हसू आवरलं.

"माझ्यावरून उचललंय सगळं."

"अहो, ऐका तरी."

"ऐकायचं काय त्यात? पुढचं मीच सांगतो. आता चेलो येईल."

चेलो आला.

"आता सगळे थांबतील."

सगळे थांबले. मास्तरांचा वर गेलेला हात वरच राहिला. त्या शांततेत एकटं व्हायोलिन वाजू लागलं, आणि ते हळूच बायकोकडे वळले.

"ही तू आहेस."

"मग काय शेजारीण?"

मास्तर हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि काकूंनी आनंदाने आपला रुमाल त्यांच्या हातात दिला.

"सर, होकार समजू ना?" मुलीने विचारलं.

"समज, समज. पण आधी पहिल्यापासून लाव. मघाशी दुसऱ्याचं म्हणून ऐकलं."