सहाव्या ठिय्यावरची पुंगळी

मी पुंगळी बोलतेय. काडतुसाची पितळी पुंगळी, गोळी नव्हे. गोळी क्षणात उडून जाते आणि सगळं नाव कमावते. मागे उरते मी, रिकामी, काळ्या तोंडाची. लोक मला बुटाच्या टाचेनं बाजूला सारतात. सारोत बापडे! गोळीचं आयुष्य एका झाडणीचं. मी दहा वेळा झाडली गेलेय, आणि त्याची मला काडीची लाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या चकतीची आधी वाटी केली, वाटी ताणून नळी केली, नळीचं तोंड आवळून गळा काढला आणि बुडावर नऊ-तीन या मापाचा शिक्का मारला. एका खोक्यात आम्ही वीस बहिणी होतो. उत्तर स्वीडनमधल्या ग्रानोसेन गावच्या सिक्स्टेननं आम्हाला विकत घेतलं ते एल्गाच्या शिकारीसाठी. एल्ग म्हणजे घोड्याएवढा उंच, फावड्यासारख्या शिंगांचा गडी. त्याच्यासाठी फार बारीक नको आणि फार दांडगंही नको, आमच्यासारखं मधल्या अंगाचं, जाड गोळीचं काडतूस बरं, असं इथली माणसं मानतात.

पहिल्यांदा झाडली गेले तेव्हा वाटलं, संपलं आपलं. शेवाळात पडून होते, अंग चटके देत होतं. पण सिक्स्टेन वाकला, मला शोधून काढलं आणि खिशात टाकून घरी नेलं. तिथे मला इंगेगेर्ड भेटली, त्याची बायको.

खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण गावाला ती तीस वर्षं ठाऊकच नव्हती. सिक्स्टेनचा हात थरथरायचा. बंदूक खांद्याला टेकली की स्थिर व्हायचा, पण चिमूटभर बंदुकीची दारू मोजायची म्हटली की अर्धी टेबलावर. त्यामुळे काडतुसं भरायची ती इंगेगेर्ड. स्वयंपाकघराच्या टेबलावर दाबयंत्र बसवायची, रेडिओ बंद करायची आणि सिक्स्टेनला दटावायची, "आता तासभर तोंड उघडायचं नाही. बोलायचं असेल तर गोठ्यात जाऊन गायीशी बोल."

मग ती आम्हाला एकेक करून हातात घ्यायची. बुडातली ठिणगी देणारी जळकी टोपी काढायची, साच्यात दाबून आमचं फुगलेलं अंग पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची. दारू ताजव्यात तोलायची, आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची. शेवटी गोळी. दर काही झाडण्यांनंतर आमचे गळे ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकायची, म्हणजे पितळ मऊ राहतं, तडकत नाही. भरलेली काडतुसं तपासायला ती स्वतः चांदमारीला जायची. त्यासाठीच तिनं परवाना काढला होता आणि नेमबाजीची चाचणी दरवर्षी देत होती. पण शिकारीला कधी गेली नव्हती.

आणि गाव काय म्हणायचं? "सिक्स्टेनची काडतुसं म्हणजे काय विचारता!" शिकारटोळीचा म्होरक्या हाल्वार तर शेकोटीभोवती सगळ्यांसमोर विचारायचा, "काय जादू करतोस रे भरताना?" सिक्स्टेन कॉफीचा घोट घेऊन मिश्कील हसायचा, हो नाही की नाही नाही. मला असा राग यायचा! मला जीभ असती तर त्याच्या कमरेच्या पट्ट्यातूनच ओरडले असते. माणूस वाईट नव्हता तो. पण फुकटचं कौतुक त्याला सोडवत नव्हतं.

या मार्चमध्ये सिक्स्टेन गेला. ऑगस्टमध्ये टोळीची बैठक भरली, मांस कापायच्या शेडमध्ये, तशी दरवर्षी भरते. इंगेगेर्ड सिक्स्टेनच्या खुर्चीवर जाऊन बसली. हाल्वारनं घसा खाकरला.

"इंगेगेर्ड, आम्ही ठरवलंय की सहावा ठिय्या यंदा योरानला द्यायचा."

योरान म्हणजे हाल्वारचा जावई. ठिय्या म्हणजे शिकाऱ्यानं दबा धरून बसायची जागा, आणि सहावा होता दलदल आणि ओढा यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर, जिथून जनावर हमखास जातं. योरान दहा वर्षं दुसऱ्या ठिय्यावर बसून फक्त डास मारत होता.

"तुम्ही ठरवलंत?" इंगेगेर्ड म्हणाली. "सहावा ठिय्या माझ्या बापाच्या जंगलात आहे."

"ते कोण नाकारतंय? तू येच ना. शेकोटी सांभाळ, सॉसेज भाज. तुझ्या हातच्या पातळ भाकरीवाचून शिकार गोड लागेल का?"

"भाकरी तू भाज. मी ठिय्यावर बसणार."

योरान हसला. "कागदाला भोकं पाडणं वेगळं, इंगेगेर्ड. आणि सिक्स्टेननं भरून ठेवलेली काडतुसं संपली की काय करशील?"

"ती मीच भरत होते. तीस वर्षं."

शेडमध्ये हशा पिकला. एकानं तर टेबलावर थाप मारली. इंगेगेर्डचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण ती उठली नाही. अखेर हाल्वारनं हात वर केले. "बरं बाई. पहिला दिवस तुझा. काही घोळ झाला, जनावर जखमी होऊन पळालं, तर ठिय्या योरानचा. कायमचा. आहे कबूल?"

"आहे," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं आम्हाला टेबलावर मांडलं. विसातल्या आम्ही सात उरलो होतो. वाकवलेली तार आत घालून ती आमच्या भिंती चाचपत होती, कुठे पितळ झिजलंय का ते पाहत. मला तिनं दोनदा तपासलं. "तू म्हातारी झालीस गं," ती म्हणाली, "पण मीही झालेय." आणि मला भरलं. कारखान्यातली धरून माझी ती दहावी भरण होती. मी मनात म्हटलं, फुटेन तर फुटेन, पण या बाईला खाली पाहायला लावणार नाही.

सप्टेंबरचा पहिला सोमवार. दलदलीवर धुकं होतं, भूर्ज वृक्ष पिवळे पडू लागले होते. इंगेगेर्ड बुंध्याला पाठ टेकून बसली. मी बंदुकीच्या नळीत, टोपी खाली, गोळी वर, सज्ज. हाल्वार त्याची कुत्री टूवा घेऊन रानात शिरला होता. दोन तास काही नाही. मग टूवाचं भुंकणं ऐकू आलं, आधी लांबून, मग जवळून.

झाडीतून मादी निघाली. ऐंशी पावलांवर थांबली. बिनतारी यंत्रातून योरानचा आवाज आला, "तुझ्याकडेच आलंय काहीतरी. मार की!"

इंगेगेर्डनं बंदूक उचलली नाही. मादीमागे पिल्लू असतं, आणि पिल्लाच्या आधी आईला मारत नाहीत, हा इथला नियम. अर्ध्या मिनिटानं पिल्लू आलंच, लांब पायांवर अडखळत. ते भूर्जांच्या आडून मादीच्या पाठोपाठ निघून गेलं, नीट दिसलंच नाही. तिनं सोडून दिलं.

"झोप लागली का गं?" यंत्रातून आणखी कुणीतरी म्हणालं. तिनं यंत्राचा आवाज बारीक केला.

त्यानंतर नर आला. ओढा ओलांडून समोर उभा राहिला, छाती आमच्याकडे करून. तसा मारायचा नसतो. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की बंदुकीच्या दस्त्यातून मला जाणवत होतं. ती थांबली. नरानं मान वळवली, एक पाऊल टाकलं, कूस दाखवली. इंगेगेर्डनं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

माझा गळा त्याच क्षणी तडकला. मला कळलं, पण गोळी सरळच गेली.

नर पडला नाही. लाथ झाडून झाडीत पळाला, आणि रान गप्प झालं.

"पडला?" हाल्वारनं विचारलं.

"नाही. पण गोळी लागलीय. पुढच्या पायामागे."

"गेला म्हणजे!" योरान मध्येच बोलला. "सांगत नव्हतो मी?"

नियम असा, की ठिय्या सोडायचा नाही. ती बसून राहिली. मला नळीतून काढून तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. माझ्या गळ्यावरची चीर तिच्या बोटाला लागली तेव्हा तिचे डोळे भरून आले. मला वाटतं, तेवढा वेळ ती खरोखर घाबरली होती. हाल्वार टूवाला दोरीवर घेऊन आला, रक्ताचा माग काढत झाडीत शिरला. बराच वेळ गेला. मग त्याची हाक आली, "ये इकडे!"

साठ पावलांवर नर कुशीवर पडला होता. गोळी पुढच्या पायामागे, फुप्फुसातून आरपार. हाल्वारनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "जागच्या जागी संपला असणार. पाय तेवढे धावले." इंगेगेर्डनं नराच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

सोलताना योरान तिच्या खिशाकडे बोट दाखवत म्हणाला, "ती पुंगळी दे. फळीवर ठोकून शेडमध्ये लावू, खाली तुझं नाव. आठवण म्हणून. आता हौस फिटली ना?"

"हौस?" ती म्हणाली आणि सुरी चालवत राहिली.

चौथ्या दिवशी वाटणी झाली. शेडमध्ये लांब टेबलावर मांसाचे सात ढीग, वजनाला सारखे. रीत अशी, की एकानं भिंतीकडे तोंड करायचं. दुसरा कुठल्याही ढिगावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. त्यामुळे कुणी कुणावर मेहेरबानी करू शकत नाही. हाल्वार भिंतीकडे वळला. योराननं पहिल्या ढिगावर हात ठेवला.

नावं येत गेली. पाचव्या ढिगावर योराननं विचारलं, "हा कुणाचा?"

"सिक्स्टेनचा," हाल्वार म्हणाला.

योराननं हात काढून घेतला. पाठमोऱ्या हाल्वारचे कान लाल होताना मी खिशातून नाही पाहिले, पण लोक नंतर सांगत होते.

"सिक्स्टेन मेलाय, हाल्वार," इंगेगेर्ड म्हणाली. "तूच खांदा दिलास. हा ढीग कुणाचा?"

"सवयीनं गेलं तोंडातून..."

"सवय कळली. नाव घे."

"तुझा."

"मला नाव आहे."

"इंगेगेर्डचा," तो म्हणाला.

"आणि सहावा ठिय्या?"

हे विचारायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. रीतीत ते बसतही नव्हतं.

"इंगेगेर्डचा," हाल्वार पुन्हा म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग म्हणाला, "योरान, पुढचा ढीग."

आता मी तिच्या खिडकीतल्या डब्यात आहे, भंगाराच्या पितळेत. गळा फुटलाय, आता मला कुणी भरणार नाही. शेजारी टेबलावर माझ्या सहा बहिणी पुढच्या सप्टेंबरसाठी तपासून घेतल्या जातायत. मला हळहळणाऱ्यांचा राग येतो, तेव्हा हळहळू नका. फळीवर ठोकून खाली नाव लिहू नका. भट्टीत घाला, वितळवा, पुन्हा चकती करा. मी परत येईन, आणि इंगेगेर्डच्याच हाताखाली येईन.