पेटीवर लिहिलं होतं म्हणून

आमच्या संग्रहालयात वस्तू कुणी पाहत नाही, तिची पेटी पाहतात. झाकणावर जपानी चहाविधीच्या एखाद्या जुन्या गुरूची शाई दिसली, की आत काहीही असो, मुख्य अभिरक्षक हिरानुमा यांचे डोळे पाणावतात.

'सांजधुकं' हा चारशे वर्षांचा काळा वाडगा तीन आठवडे तिसऱ्या मजल्यावर मांडलेला होता. मी प्रयोगशाळेतली सर्वांत कनिष्ठ. काचेआडचा दमटपणा मोजताना मला त्याचं बूड दिसलं : चाकावर फिरवल्यासारखं गोल. खरा वाडगा तर हातांनी दाबून घडवलेला. शरद ऋतूत सगळं पेट्यांतून काढून हवेला ठेवतात. यंदा परत भरताना कुणीतरी 'सांजधुकं'च्या पेटीत त्याची नक्कल घातली होती.

मग खरा कुठे?

मी चिनी काशाची भांडी, कोरियन घडे, गांधारचे बुद्ध अशी पाच दालनं ओलांडून तळमजल्यावर गेले. तिथे लोकांना हाताळायला नकला ठेवतात. एक आजी वाडग्याची कड नखाने टकटक वाजवत मैत्रिणीला सांगत होती, "नक्कल लगेच कळते बाई. अगदीच मेलेली माती!"

मी जवळजवळ हिसकावूनच घेतला, आणि प्रयोगशाळेत तपासून हिरानुमांच्या खोलीत नेला.

"पेटी खोटं बोलते का, निइत्सू-सान?" हिरानुमा म्हणाले. "तीनशे वर्षांची शाई आहे. तुमची पदवी कितीची? जा, जिथला तिथे ठेवून या."

"तिथे तो आठवडाभरात फुटेल, साहेब."

मी दोन एक्स-रे त्यांच्यापुढे ठेवले. एक 'सांजधुकं'चा, चाळीस वर्षांपूर्वी काढलेला; एक तळमजल्यावरच्या या वाडग्याचा, तासाभरापूर्वीचा. दोन्हींत बुडाच्या मातीत तोच वाकडा बुडबुडा.

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"सोमवारी आपण बंद असतो," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तेव्हा काय ते करून टाका."

प्रदर्शनाच्या माहितीपुस्तकात त्यांनी या वाडग्याच्या 'श्वासावर' सहा पानं लिहिली होती. समोर नक्कल ठेवून.

सोमवारी मी वाडगे बदलले. मंगळवारी ते देणगीदारांना घेऊन आले आणि श्वासाचं तेच भाषण शब्दन् शब्द म्हणाले. देणगीदारांनी सुस्कारे सोडले. मग माझ्या कानाशी येऊन हिरानुमा पुटपुटले, "खरं सांगू? आधीचाच जास्त खोल वाटत होता हो."

मी वाडग्यापुढे कमरेतून वाकले. त्यांना वाटलं, त्यांच्यापुढे.