दोरीवरचे शर्ट

मावशीने शर्टाची कॉलर नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. घामाचा वास, तोही ताजा. सकाळी हाच शर्ट तिने स्वच्छ, ओला असा बाल्कनीतल्या दोरीवर टाकला होता. आता दिवेलागणीला काढायला आली तर कॉलरवर पिवळसर रेघ आणि कोपरांशी चुण्या. दोरीवरच्या शर्टाला घाम फुटत नाही, हे इस्पितळाच्या धोबीखात्यात जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

मुळात या कामाचीच तिला किळस आली होती. आयुष्यभर तिने रक्ताच्या, पुवाच्या, ओकारीच्या चादरी धुतल्या, पण त्यांची शिसारी म्हणून कधी आली नाही. घाण होती, ती निघायची, विषय संपायचा. इथे भाचेसुनेने धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं तिच्या पुढ्यात टाकलं होतं आणि वर सांगितलं होतं, ‘‘मावशी, साबण नका हं लावू, फुकट जातो. नुसते पाण्यातून काढा आणि वाळत टाका. बाहेरून बघणाऱ्याला घरात माणसं आहेत असं वाटलं, की झालं.’’ स्वच्छ कपडा रोज भिजवायचा आणि रोज वाळवायचा. असला खोटारडा धंदा तिने आधी कधी केला नव्हता.

भाचा आणि त्याची बायको नोकरीपायी दूरच्या शहरात गेली होती आणि घराचं काम अर्ध्यावर लटकलं होतं. स्वयंपाकाचा ओटा फोडलेला, भिंतींतून वायरी लोंबताहेत, पुढच्या खोलीत नव्या नळांची आणि फरशांची खोकी छातीएवढी रचलेली. वरच्या मजल्यावर असंच एक रिकामं घर चोरांनी वायरींसकट उपसून नेलं, तेव्हापासून भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून ही मावशी. सकाळी कपडे वाळत घालायचे, दाराबाहेर चपलांचा एक जोड मांडायचा आणि घरी जायचं, संध्याकाळी पुन्हा येऊन कपडे काढायचे, दिवा लावायचा आणि आपल्या घरी परतायचं.

आता हे कपडे आणि त्या चपला कुणाच्या? भाच्याच्या बापाच्या. ‘‘बाबांचेच जुने आहेत, विटले तरी चालतील,’’ असं सून म्हणाली होती. बाबा म्हणजे मावशीचे भाऊजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस शिंपी. हे घर त्यांनी मशीनवर पाय मारमारून उभं केलेलं, आणि दोरीवरचे शर्टही त्यांनीच शिवलेले. बहीण गेली, मागोमाग घराची तोडफोड सुरू झाली आणि धुळीचा त्रास नको म्हणून मुलाने बापाला वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. धूळ केव्हाच खाली बसली होती, बाप तिथेच होता. मावशीने एकदा भेटायला जाते म्हटलं, तर भाचा म्हणाला, ‘‘कशाला उगाच हेलपाटा? त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत.’’ मावशीने ते खरं धरलं. तिलाही वृद्धाश्रमाची पायरी चढायची भीती वाटत होती, तेव्हा खरं धरणं सोयीचं होतं.

थोडक्यात, म्हातारा नको, पण म्हाताऱ्याचे शर्ट राखणीला हवेत. रोज सकाळी ते झटकताना तिला कुठेतरी जाऊन थुंकावंसं वाटायचं. पण बहिणीचा मुलगा पडला, नाही म्हणणार कशी?

तिने तिथूनच भाच्याला फोन लावला. ‘‘अरे, घरात कुणीतरी येऊन जातंय. बापाचा शर्ट घालतंय.’’

‘‘खोकी? खोकी आहेत ना जागेवर?’’

‘‘आहेत सगळी.’’

‘‘मग आधी टेहळणी चालली असणार. मावशी, तू थांब, मी लगेच कुलूपवाला पाठवतो.’’

कुलूपवाला आला, जुनं कुलूप काढलं आणि दारात नवं जाडजूड धूड बसवलं. ‘‘आता खुद्द मालक आला तरी किल्लीवाचून आत यायचा नाही,’’ तो अभिमानाने म्हणाला आणि जुनं कुलूप भंगारात घालायला घेऊन गेला.

तो गेल्यावर मावशीने तो शर्ट धुवायला घेतला. बऱ्याच दिवसांनी खरीखुरी घाण हाताला लागली होती. साबण लावता लावता तिचा अंगठा छातीवरच्या बटणावर थांबला. हे बटण तुटलेलं होतं. तिला पक्कं आठवत होतं, कारण गाठोडं उघडल्या दिवशीच तिने सुनेच्या नावाने बोटं मोडली होती. आता तिथे बटण होतं. खाली दोऱ्याला वेढे देऊन मान केलेली आणि गाठ कुठे दिसत नव्हती. असं बटण लावणारा माणूस या घरात एकच होता. शर्ट तसाच बादलीत राहिला आणि मावशी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं तिने करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपारची घरी गेलीच नाही. ऊन बाल्कनीत आलं तेव्हा दाराशी पावलं वाजली. कुलपात किल्ली गेली, अडली, निघाली, पुन्हा गेली. मावशीने दार उघडलं.

दारात भाऊजी होते. अंगात दोन माणसं मावतील एवढा शर्ट आणि त्याच्या खिशावर काळ्या शाईने घातलेला आकडा.

‘‘धाकटे, तू इथे कशी?’’ माणसं ओळखू न येणारा माणूस म्हणाला. ‘‘ही किल्ली फिरेना बघ. तेल सोडायला हवं.’’

‘‘कुलूप बदललंय, भाऊजी.’’

‘‘कुणी?’’

‘‘मीच सांगितलं. शर्टाला घामाचा वास आला. मला वाटलं, चोर आहे.’’

भाऊजींनी नव्या कुलपावरून बोट फिरवलं. ‘‘बरं केलंस. घर सांभाळायचं तर कुलूप पक्कं हवं.’’ त्यात टोमणा असता तर मावशीला सोसला असता, पण तो नव्हता.

ते बाल्कनीत गेले, अंगातला ढगळ शर्ट उतरवून दोरीवरचा वाळलेला एक घातला आणि तो ढगळ मांडीवर घेऊन नळांच्या एका सुट्या खोक्यावर येऊन बसले. मावशीने आपल्या थर्मासातला चहा ओतून दिला.

‘‘तिथे सगळ्यांचे कपडे एकाच हौदात,’’ ते म्हणाले. ‘‘हाताला येईल तो घालायचा. हा आकडासुद्धा माझा नाही. ज्याचा होता तो मागच्या आठवड्यात गेला.’’

मावशीने त्यांच्या मांडीवरच्या शर्टाकडे पाहिलं. असले आकडे तिने स्वतः हजारो कपड्यांवर घातले होते. पण ते चादरींवर, घरी जाणाऱ्या माणसांच्या.

‘‘आणि बाहेर सोडतात कसे तुम्हाला?’’

‘‘दुपारी सगळे लवंडतात. फाटकावरच्याला सांगतो, बँकेत जाऊन येतो. बिचाऱ्याला वाटतं, म्हातारा गडगंज आहे.’’ ते हसले. मग फुटक्या ओट्याकडे पाहत म्हणाले, ‘‘काम झालं की नेतो, म्हणालाय. म्हणून बघून जातो, किती राहिलंय ते.’’

‘‘काम तर कधीचं बंद आहे, भाऊजी.’’

‘‘ते दिसतंय गं मला.’’

मावशीने नवी किल्ली पुढे केली. त्यांनी मान हलवली. ‘‘उद्या काही गेलं तर आळ तुझ्यावर येईल.’’

‘‘मग दुपारी मी थांबत जाईन. तुम्ही दार वाजवा.’’

‘‘माझंच दार?’’ ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला. ‘‘बघू.’’

निघायची वेळ झाली तेव्हा ते शर्टाचं टोक चाचपत उभे राहिले. ‘‘धाकटे, यातला एक नेऊ का? तुला चालेल ना?’’

स्वतः शिवलेल्या शर्टासाठी हा माणूस तिची परवानगी मागत होता. मावशीला भाच्याची, त्याच्या बायकोची आणि सगळ्यात जास्त स्वतःची घाण वाटली. ‘‘सगळे न्या,’’ ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी बटणं सोडून शर्ट उतरवला आणि नीट घडी घालून खोक्यावर ठेवला. ‘‘नको. तिथे आकडा घालतील. इथे आहे तोवर माझा आहे.’’ तो ढगळ शर्ट पुन्हा अंगात चढवून ते जिना उतरून गेले.

लगेचच भाच्याचा फोन आला. ‘‘मावशी, कुलूप कसं आहे?’’

‘‘फार चांगलं. घरचं माणूससुद्धा आत येऊ शकत नाही.’’

‘‘वा, मग जिवाला घोर नाही,’’ भाचा म्हणाला.

मावशीने फोन ठेवला. घडी घातलेला शर्ट तिने भिजवला नाही, तसाच दोरीवर नेऊन लावला. संध्याकाळी दिवा लावून ती बाहेर पडली आणि कुलूप लावायला वाकली. दाराशी मांडलेल्या भाऊजींच्या चामडी चपला तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी निळ्या रबरी सपाता होत्या, टाचेवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेल्या.

तिने त्या एकमेकींशेजारी नीट जुळवून ठेवल्या, आकडा भिंतीकडे करून. मग कुलूप लावलं.